पट्टीवरच्या दोन रेषा

नंदुरबारला एका प्रयोगशाळेत मी सिकलसेलच्या तपासण्या करते. गेल्या मे महिन्यात माझ्या धाकट्या नणंदेला ब्राह्मणपुरीचं स्थळ आलं. ती स्वतः सिकलसेलची वाहक; आजार नाही, पण रक्तात अंश आहे. मुलगाही वाहक निघाला तर पुढे मुलांना आजार होण्याची भीती. म्हणून त्याने रक्त दिलं, आणि ते माझ्याच टेबलावर आलं.

पट्टी द्रावणात बसवून, रक्ताचा ठिपका लावून वीज सोडली. हिमोग्लोबिनवर ऋण भार असतो, म्हणून ते धन टोकाकडे सरकतं. सिकलच्या हिमोग्लोबिनवर तो जरा कमी, म्हणून ते मागे राहतं. वाहकाच्या पट्टीवर अशा दोन रेषा उमटतात. त्या दिवशी एकही धड उमटली नाही, सगळं जागीच फिस्कटलेलं. द्रावणाच्या टाकीचं झाकण उघडं राहून उन्हाळ्यात पाणी आटलं होतं, क्षार दाट झाले होते. क्षारांचे भारित कण मग प्रथिनाभोवती गर्दी करतात, त्याचा भार झाकून टाकतात, आणि ते नीट सरकतच नाही.

मला हायसं वाटलं. ‘निष्कर्ष अस्पष्ट’ असं लिहून सुटता आलं असतं. पेनही उचललं होतं. मग उठले, नवं द्रावण केलं, पुन्हा वीज सोडली. दोन रेषा स्वच्छ दिसल्या.

अहवाल ज्याचा त्यालाच द्यायचा, हा आमचा नियम. मुलाला बोलावून सगळं समजावलं. मीच सांगतो, म्हणाला. आठ दिवस त्याने सांगितलं नाही. घरी साड्या पसंत होत होत्या, सासूबाई मला रंग विचारत होत्या. दोनदा त्याला फोन केला, त्याने उचलला नाही. घरी जावंसं वाटेना आणि कामावर बसवेना.

नवव्या दिवशी मी भाकरी थापत होते. नणंद शेजारी येऊन बसली.

“वहिनी, तुले माहीत शे ना?”

“त्यालेच इचार,” एवढंच मी बोलले.

तिने विचारलं, त्याने कबूल केलं. लग्न तिनेच मोडलं. दोन दिवसांनी सासूबाई म्हणाल्या, “आठ दिन तू आमना संगे जेवनी, आनी बोलनी नही.”

नियम सांगून काय होणार होतं? मी ताटं उचलली.

यंदा दुसरं स्थळ आलं. त्या मुलाचं रक्त सासूबाईंनी मुद्दाम धुळ्याला पाठवलं. मला ते शेजारणीकडून कळलं.