पाटीवर लिहायचं नाव

कोहमाऱ्याच्या फाट्यावर सुमित्राबाईंच्या खाणावळीत जेवायला बसलेला माणूस ‘पुरे’ म्हणाला, की हमखास आणखी एक डाव भात त्याच्या ताटात पडे. त्या शब्दाशी बाईंचं जन्माचं वाकडं होतं.

मुलगा भुपेंद्र हौशी. त्यानं भिंती रंगवल्या, नवी टेबलं आणली आणि दारावर ‘फॅमिली ढाबा’ अशी पाटी लावायची म्हणून धोशा लावला. गाड्या ढाबा बघूनच थांबतात, हे त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. बाईंना मात्र वेगळीच काळजी. आपले हमाल, कंडक्टर, एकटे राहणारे मास्तर ही चकचकीत पाटी बघून बाहेरच्या बाहेर परतले तर?

कारण त्यांचे उपकार बाई विसरल्या नव्हत्या. नवरा गेला तेव्हा घरात शिजवायला दाणा नव्हता. ओळीनं खोल्या करून राहणाऱ्या या मंडळींनी आपापल्या गावाहून तांदूळ आणून ओट्यावर ठेवले आणि बाई, तुम्ही फक्त रांधा, असं सांगितलं. त्यात बाईंची चूल पेटली, पोरगं शिकलं. तेव्हापासून नवं धान निघालं, की ज्याला जमेल तो पिशवीभर तांदूळ घेऊन येतोच. आता गरज उरलेली नाही, पण रीत राहिली आहे.

परवा खेमराज गुरुजी अशीच पिशवी घेऊन आले. त्या मास्तरांपैकीच हे एक, आता निवृत्त. पाटीचा वाद ऐकून ते हसले. भुपेंद्रला त्यांनी समजावलं, की दळण्याबद्दल द्यायची ती दळणावळ, कांडण्याबद्दलची कांडणावळ, तशी जेवणाबद्दल द्यायची ती खाणावळ. आधी ते देण्याचंच नाव होतं, पुढे जेवू घालणाऱ्या घराला चिकटलं.

पिशवी छातीशी धरून बाई मुलाकडे वळल्या.

“भुपेंद्र, हे घर तुह्या बापानं नाही उभं केलं, म्याबी नाही,” त्या म्हणाल्या. “ज्याईनं देल्लं, त्याईचं नाव लिव पाटीवर.”

“आई, कोणाकोणाचं लिवू? पाटी पुरन का?”

“मंग खाणावळ लिव. त्याच्यात देनारे सप्पा येतेत, येकबी सुटत नाही.”