छातीशी बांधायचा फवारा

सासऱ्यांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसमधून एस-बाननं, म्हणजे इथल्या लोकलनं, घरी येत होते. माझे सासरे जर्मन, बायर्नच्या डोंगरात राहणारे, शब्द जपून वापरणारे. "आल्झो, ऐक," ते म्हणाले, "झाडावरच्या कॅमेऱ्यात अस्वल आलंय. आपल्याच उतारावर. तुला शिकारीला यायचं तर ये, पण अस्वलासाठी काहीतरी सोबत आण." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. डब्यात माझ्यासमोर एक बाई सफरचंद खात बसली होती.

मी शिकार करते हे सांगितलं की आपली माणसं दोन पावलं मागे सरकतात. बुद्धविहारात वाढलेली पोरगी, आणि बंदूक? खरं आहे. या घरात लग्न करून आले तेव्हा सासऱ्यांशी बोलायला दुसरा विषयच नव्हता. म्हणून त्यांच्यासोबत डोंगर चढू लागले, मग याक्टशाइनची परीक्षा दिली, म्हणजे शिकारीचा परवाना घेतला. ती परीक्षा माझ्या इंजिनिअरिंगपेक्षा अवघड होती, आणि हे मी विनोदानं म्हणत नाही. आईला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पंचशील म्हणताना पहिली ओळ जरा हळू म्हणत जा वं."

त्या शरदात आई आमच्याकडे स्टुटगार्टला आली होती. फोनचं तिला सांगावं की नाही, याचा मी दारापर्यंत विचार करत होते. कारण आईला डावा डोळा नाही. डाव्या गालाची कातडी वर ओढून शिवलेली आहे, त्यामुळे ती हसली तरी रागावल्यासारखी दिसते. गडचिरोलीच्या जंगलात मोहफुलं वेचताना अस्वलानं तिला धरलं होतं. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. बाकीच्या बाया पळाल्या. मावशी, आईची धाकटी बहीण, पळाली नाही. ती काठी घेऊन ओरडत त्या जनावरावर धावून गेली आणि ते सुटेपर्यंत मारत राहिली. मावशी नसती तर आई नसती आणि मीही नसते. आमच्या घरात हे कुणी बोलून दाखवत नसे, पण मावशीला पहिला चहा मिळायचा.

आणि ती मावशी तेव्हाही चैत्र लागला की पहाटे टोपली घेऊन मोह वेचायला जायची. त्यावरच त्यांचं वर्षाचं मीठ-तेल चालायचं. आम्ही कितीदा सांगितलं, आम्ही पैसे पाठवतो, तू जाऊ नको. ती म्हणायची, "मोह काय एकट्या अस्वलाचा आहे का?"

शेवटी मी आईला सांगितलं. तिनं भाजी चिरायची थांबवली. "इथंबी आहेत?"

"एखादं येतं. डोंगरातून वाट चुकून."

"मग जाऊ नको." मग थोड्या वेळानं, "जायचंच असल तर मी येतो दुकानात. तुले काय समजते अस्वलातलं?"

दुकान शहराबाहेर होतं, शिकारीच्या सामानाचं. आत भुसा भरलेलं रानडुक्कर, हिरव्या टोप्या, कुत्र्यांचे पट्टे. विक्रेता पिकल्या दाढीचा माणूस होता. मी विचारलं, अस्वलासाठी काय घ्यावं? तो बोलू लागला. मोठ्या गोळीची बंदूक घेता येईल, पण इथे अस्वलाला मारायची मनाई आहे, आणि जखमी अस्वल हे धडधाकट अस्वलापेक्षा वाईट. घंटी बांधता येईल, पण मग शिकार कसली मिळते. अस्वलापासून वाचायचं तर आवाज करायचा आणि शिकार करायची तर श्वासही हळू घ्यायचा, दोन्ही एकाच अंगाला कसं जमणार? राहिला मिरचीचा फवारा. त्यानं वीतभर डबा काउंटरवर ठेवला. वर नारिंगी चाप होता.

हे सगळं तो माझ्याकडे बघून बोलत होता. आईच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही असं त्यानं ठरवलेलं दिसत होतं. इथली माणसं सभ्य आहेत, ती न बघण्याचे फार कष्ट घेतात, आणि त्याचाच मला राग येतो. मी म्हटलं, "माझ्या आईला अस्वलानं धरलं होतं." तेव्हा त्यानं चष्मा काढला आणि पहिल्यांदा नीट तिच्याकडे पाहिलं. नंतर तो मला सोडून तिच्याशीच बोलू लागला, जर्मनमध्ये, सावकाश, आणि मी मधे उभी राहून इकडचं तिकडे करत राहिले.

"हा रकसॅकमध्ये ठेवायचा नाही," तो म्हणाला. "छातीवर बांधायचा. रकसॅकमधला फवारा माणसासोबत पुरला जातो, बाकी काही उपयोग नाही. आणि सराव करायचा. हाताला सवय नसेल तर त्या वेळी चापच सापडत नाही." सरावासाठी नुसतं हवा-पाणी भरलेला वेगळा डबा मिळतो, तोही त्यानं दाखवला.

आईनं विचारलं, "हवा उलटी असली तर?"

"मग तुमच्याच डोळ्यात जातो. तरी मारायचा," तो म्हणाला.

आईनं बराच वेळ तो डबा हातात फिरवला. मग म्हणाली, "दोन घे."

"दुसरा कोणाला?"

"तुह्या मावशीले."

मी विक्रेत्याला सांगितलं. त्यानं मान हलवली. विमानात चालत नाही, सामानातही नाही, पोस्टानंही नाही. आई त्याच्याकडे एका डोळ्यानं बघत राहिली. "लोणचं चालते, पापड चालते," ती मला म्हणाली, "जीव वाचवाची वस्तू चालत नाही. कसे नियम आहेत बाप्पा." खरं म्हणजे तिथंच मला रडू आलं होतं, पण मी टोप्या बघायला गेले.

रविवारी आम्ही द्राक्षमळ्यांच्या वरच्या पायवाटेला गेलो, सरावाला. छातीवर पट्टा, पट्ट्यात डबा. मी म्हटलं, त्या खांबाला अस्वल समजते. आई म्हणाली, "खांब काय धावून येते का? मी होतो अस्वल."

"आई, लोक बघतात."

"बघू दे नं."

ती वळणापलीकडे गेली. पासष्टीपुढची बाई, अंगात माझं जुनं जॅकेट, पायात लुगड्याखाली बूट. मी वाट बघत उभी राहिले. मला वाटलं होतं ती हात वर करून, हसत येईल. ती खाली वाकून आली. झुडपाच्या कडेनं, डोकं खाली घालून, आवाज न करता, आणि मग एकदम माझ्या अंगावर. तोंडातून असा आवाज काढला की मी एक पाऊल मागे गेले. मी चाप शोधत होते तेवढ्यात तिनं मला दोन्ही हातांनी चेहऱ्याशी धरलं.

"मेली तू," ती म्हणाली. "ते वरून नाही येत. खालून येते, आन् मग उभं राहते. थोबाडच पायते पहिले. पुन्हा."

काठ्या टेकत चालणारं एक म्हातारं जोडपं थांबलं. सगळं ठीक आहे ना, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो हो, सगळं ठीक आहे. आई तोवर परत वळणापलीकडे गेली होती. ती पुन्हा आली, पुन्हा आली. तिला धाप लागली तरी थांबेना. शेवटी एकदा माझा अंगठा आपोआप चापावर गेला आणि पाण्याचा फवारा तिच्या छातीवर बसला. ती ओली उभी राहिली आणि म्हणाली, "हां. आता जा."

मी गेले. पहाटे सासऱ्यांसोबत उतारावर बसले, गवतावर बर्फाची साय, छातीवर डबा. हू की चू न करता. मनात सारखं येत होतं की मावशी जाते तेव्हा बाया आरोळ्या देत जातात, गाणी म्हणतात, झाडावर काठ्या आपटतात, आणि इथे मी हौसेसाठी गप्प बसलेय. सासऱ्यांनी एक डोंगरी बकरा पाडला. त्याच्या तोंडात पाइनची डहाळी ठेवली, टोपी काढून उभे राहिले. मेलेल्या जनावराला शेवटचा घास द्यायची त्यांची रीत आहे. अस्वल काही आलं नाही. आठवड्याभरानं ते सीमेपलीकडे दिसल्याचं कळलं. ऑफिसात जेवताना मी हे सांगितलं तर सगळे म्हणाले, किती रोमांचक. इथे एक अस्वल दिसलं की सरकारी माणसं बैठका घेतात. आमच्याकडे बाई फाडली तर पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात, त्यातही नाव चुकवतात.

आई परत गेली. मी मग माझ्या भावाच्या मागे लागले. नागपुरात पर्समध्ये ठेवायचे बोटभर फवारे मिळतात, ते अस्वलाला काय पुरणार? पण भावानंही जिद्दीनं जंगलखात्याला सामान पुरवणारा एक दुकानदार शोधला आणि तसाच मोठा डबा मिळवला. स्वतः गाडी घेऊन मावशीच्या गावी जाऊन देऊन आला. तिथून त्यानं व्हिडिओ कॉल लावला. मावशी पदरानं हात पुसून मग डबा हातात घेत होती.

"मावशी, हा छातीशी बांधायचा. पिशवीत नाही, टोपलीत नाही."

"हो वं बाई."

"रोज. मोहाला निघाली की आधी हा."

"मोहाचं चिकट लागते नं हाताले. खराब होईन, इतकी चांगली वस्तू."

"होऊ दे खराब. त्यासाठीच आहे."

"होऊ देतो," मावशी हसून म्हणाली. "तू जेवली का?"

होळी झाली. मोह गळायला लागला. एका दुपारी मी ऑफिसच्या स्वयंपाकघरात डबा गरम करत होते आणि भावाचा फोन आला. त्यानं आधी मला बसायला सांगितलं, तेव्हाच मला कळलं. मोहाच्या झाडाखालीच होती ती. वाकून वेचत होती. बाकीच्या बायांनी आरडाओरडा केला, एकीनं टोपली फेकून मारली. अस्वल गेलं, पण फार उशिरा. ग्रामीण रुग्णालयात नेताना ट्रॅक्टरमध्येच ती गेली. मी विचारलं, "फवारा?" मायक्रोवेव्ह वाजला. कुणीतरी माझा डबा काढून माझ्यासमोर ठेवला.

मला जाता आलं नाही. हे वाक्य लिहायला सोपं आहे.

जलदान विधी झाल्यावरही आई मावशीच्याच घरी राहिली होती. तिथून तिनं व्हिडिओ कॉल केला. फोन कशाला तरी टेकवून ठेवला होता, मला मावशीची लोखंडी पेटी दिसत होती, झाकण उघडं. आई एकेक वस्तू काढून मला दाखवत होती. मी पहिल्या पगारात पाठवलेलं लुगडं, घडी न मोडलेलं. इथून नेलेला साबण, कागदासकट. टॉर्च, खोक्यासकट. आणि लुगड्याच्या घडीत ठेवलेला फवारा. त्याच्यावरचं प्लास्टिक तसंच होतं.

"आल्यागेल्याले दाखवे म्हणते," आई म्हणाली. "भाचीनं जर्मनीहून पाठवलं म्हणे."

"जर्मनीहून नाही, आई. नागपूरचा आहे तो."

"मले माहीत आहे." ती रडत नव्हती. तिचा चेहरा नेहमीसारखा रागावलेला होता. "चांगली वस्तू आहे म्हणून ठेवली तिनं. आपल्या घरात चांगली वस्तू कोण वापरते? तुह्या बापाचा कोटबी तसाच गेला."

मला संताप आला, मावशीवर, त्या पेटीवर, आमच्या अख्ख्या खानदानावर. किती वेळा सांगायचं माणसाला? आणि तेवढंच खरं की मीही सासूनं दिलेली चांगली कपबशी अजून कपाटातून काढलेली नाही.

मागे दारात मावशीची सून उभी होती. तरुण आहे, माझ्याहून बरीच लहान. तिच्या हातात टोपली होती. आईनं तिला विचारलं, "उद्या जाशील?"

"जा लागते नं, आत्याबाई. झाडाखाली सडा पडून आहे."

आई तिला अडवेल असं मला वाटलं. तिनं अडवलं नाही. तिनं दातानं डब्यावरचं प्लास्टिक फाडलं, फाडून पेटीत टाकलं. लुगड्याची किनार टरकन काढली आणि त्या पट्टीनं डबा सुनेच्या छातीशी बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. "हे नारिंगी दिसते नं, ते आता दाबू नको. डबा एकच आहे. नुसता हात न्यायचा." सून मान हलवत होती. आईनं तिला अंगणात उभं केलं.

मग आई अंगणाच्या टोकाला गेली, गोठ्याच्या पलीकडे, मला दिसेनाशी झाली. सून एकटीच उभी होती, ओशाळलेली, फोनकडे बघत. मी इथून म्हणाले, "माझ्याकडे बघू नको. समोर बघ."

आई खालून आली. पांढरे केस सुटलेले, डोकं खाली, हात जवळपास जमिनीला. सुनेचा हात पट्टीत अडकला. आईनं तिला चेहऱ्याशी धरलं आणि तशीच थोडा वेळ धरून उभी राहिली.

"मेली तू," आई म्हणाली. "पुन्हा."