पडले नाही, मारलं

गास गावच्या बर्थाने साठी उलटेपर्यंत पोलीस ठाण्याची पायरी चढलेली नव्हती. सकाळी वाडीतला मोगरा खुडायचा, रविवारी चर्चमधला मिस्सा चुकवायचा नाही, एवढंच तिचं जग. खुडायला लतिका जोडीला असायची. ती नायगावकडच्या मिठागरातली. कित्येक उन्हाळे दोघींनी सुखदुःखं बोलत फुलं खुडली होती.

लतिकाच्या नवऱ्याला, दिनानाथला, पोलिसांनी चोरीच्या संशयावरून उचललं. तो ज्या टॉवरच्या बांधकामावर होता तिथे तारा चोरीला गेल्या होत्या. पुढे खरा चोर सापडला, दिनानाथला सोडलं. पण तोवर कोठडीतल्या मारात त्याच्या बरगड्या मोडल्या होत्या.

"बर्थाबाय, ठान्यात कोनी तक्रार लिवून घेत नाय," लतिका म्हणाली. "म्हनतात, दारू पिऊन पडला असंल."

गावोगावच्या लोकांनी ठाण्यावर मोर्चा न्यायचं ठरवलं. बर्थाचा नवरा प्लासिड चिडला. "आपण कशाला पोलिसांच्या तोंडी लागायचं?"

"दिनानाथ लागला होता का?" एवढंच म्हणून बर्था चपला घालून निघाली.

घोषणा द्यायची तिला सवय नव्हती. सुरुवातीला नुसते ओठ हलले. लतिकाने तिचा हात धरला, तसा हळूहळू आवाज फुटला. ठाण्याच्या अलीकडे अडथळे लावून पोलीस उभे होते. माणसं रस्त्यातच बसली. "तक्रार नोंदवा, आम्ही उठतो," पुढचे सांगत होते. साहेबाने दोनदा इशारा दिला आणि लाठ्या सुरू झाल्या. पळापळीत लतिका खाली पडली. तिच्यावर लाठी उगारलेली दिसली तशी बर्थाने हात मध्ये घातला. मनगटातून कळ थेट डोक्यात गेली.

सरकारी दवाखान्यात जबाब घ्यायला एक हवालदार आला. वयाने तिच्या मुलाएवढा, बोलायला मऊ. "आजी, गर्दीत पडलात असं लिहितो. तुम्हालाही त्रास नको."

प्लासिड धावतपळत आला होता. तो तिच्या कानाशी वाकला. "हो म्हण. घरी जाऊ."

बर्थाला भीती वाटत होतीच. पण दिनानाथच्या बाबतीतही हेच म्हटलं होतं, पडला असेल.

"पडले नाही," ती म्हणाली. "मारलं. तसंच लिहा."

हवालदाराने प्लासिडकडे बघितलं. प्लासिडने मान खाली घातली, आणि मग तो म्हणाला, "ती सांगतेय तसं लिहा."

त्या जबाबाला इतरांचे जबाब जोडले गेले. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, दिनानाथची तक्रार अखेर नोंदवली गेली, एका अधिकाऱ्याला निलंबित केलं. बेकायदा जमावाचा गुन्हा मात्र बर्थावरही लागला. मनगट वाकडंच जुळलं. बोटांत कळी नीट धरता येईना, म्हणून ती डाव्या हाताने खुडायला शिकली. दिनानाथला पुन्हा वजन उचलता आलं नाही.

कोर्टाची तारीख असली की प्लासिड तिच्याबरोबर जातो. बाहेरच्या बाकड्यावर लतिका आधीच जागा धरून बसलेली असते. नाव पुकारलं की बर्था उठते, पदर सावरते आणि आत जाते. अजून निकाल लागलेला नाही.