वरची एक पणती

निशिगंधाबाई मंगळवार पेठेत गणिताच्या शिकवण्या घेतात. आकडा दिसला की तो फोडून बघायची त्यांना खोडच आहे. गाडीची नंबरप्लेट असो नाहीतर गॅस सिलिंडर, बाई पुटपुटत भागाकार करायला लागतात. भाजीवाली तर त्यांना लांबून बघूनच घाबरते.

आमच्या तालमीच्या दीपोत्सवात मात्र हीच खोड कामाला आली. त्रिपुरी पौर्णिमेला आम्ही मैदानात दहा हजार एक पणत्या मांडतो. शंभर ओळी, ओळीत शंभर, आणि वरची एक शुभ म्हणून. ती उरलेली पणती चौरंगावर, मानाची. आधी ती उद्घाटनाला बोलावलेल्या साहेबांनी लावायची, मग बाकीच्या. आणि साहेब कसले वेळेवर येतायत! मला तर त्या चौरंगाचाच राग यायचा.

या पणत्यांच्या वाती वर्षभर वळते बाईंची मावशी, पेठ वडगावची तानाबाई. घरची म्हैस तिच्याशिवाय कुणाला धार काढू देत नाही. त्यामुळे मावशी गाठोडं घेऊन यायची, साहेबांची वाट बघायची आणि एसटी गाठायला तशीच निघून जायची. आपल्या वाती पेटलेल्या तिने कधी बघितल्याच नव्हत्या. बाईंना ते फार लागायचं.

यंदा दूध तापवता तापवता त्यांनी दहा हजार एकला हात घातला. तीनने भाग जाईना, सातने जाईना, अकराने जाईना. एकेक मूळ संख्या हात टेकत गेली. दूध उतू गेलं आणि त्र्याहत्तरने नेमका भाग गेला! त्र्याहत्तर ओळी, ओळीत एकशे सदतीस, बाकी शून्य.

बाई तडक तालमीचे अध्यक्ष विजयसिंह यांच्याकडे गेल्या.

"यंदा अशा मांडा."

"आणि मानाची?"

"उरली तर मानाची. उरतीय कुठं?"

विजयसिंहांनी तशा मांडून घेतल्या. चौरंग रिकामाच राहिला.

"च्यायला, खरंच की!" म्हणत ते हसले, आणि दिवेलागणीलाच आम्ही सगळे पणत्या लावत सुटलो.

साहेब आले तेव्हा मैदान लखलखत होतं.

"माझी पणती कुठाय?"

"ह्यातलीच कुठलीतरी की, सायेब," विजयसिंह म्हणाले.

तानाबाई कडेला बसून बघत होती. डोळे पुसत होती, पण हलत नव्हती.

"मावशी, एसटी चुकंल. म्हस वाट बघत आसंल," बाई म्हणाल्या.

"बघू दे की. एवढी वर्सं मी न्हाय व्हय बघितली?"