सानेकाकांचं बाल्कनीतलं गेज

किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही हो. वीस वर्षं एका वर्कशॉपमध्ये काढली की ते डब्याच्या पिशवीसारखे सोबत येतात. कुवेतमधल्या मीना अल-अहमदी रिफायनरीच्या आमच्या इन्स्ट्रुमेंट वर्कशॉपमधले निम्मे किस्से एकट्या सानेकाकांचे.

काका पुण्याचे. तिथल्या प्रयोगशाळेत त्यांनी उमेदीची वर्षं घालवली ती परदेशातल्या जुन्या अणुचाचण्यांची मापं तपासण्यात. आकाशात फार उंचावर झालेल्या चाचण्या. धक्क्याचा दाब किती, उष्णता किती. कुवेतला येऊन रिफायनरीची दाब मोजणारी गेजं तपासायला लागले. मी विचारलं, "काका, फरक काय?"

"त्या चाचण्यांत गेज पॅराशूटने खाली यायचं. इथे फोरमन आणून आपटतो."

*

करपलेला पराठा बघून काका कँटीनच्या कुकला म्हणाले, "बॉम्ब उंचावर फुटला की हवा विरळ. धक्का कमी, भाजणं जास्त. तेरा पराठा उधर का है." त्याला ती तारीफ वाटली. रोज एक जास्त वाढायला लागला.

*

अठ्ठ्याण्णवला भारताने चाचण्या केल्या. कुवेतच्या सालमिया वस्तीत आम्ही पेढे वाटले आणि काकांना भाषणाला उभं केलं.

"त्या जमिनीखाली झाल्या. मी आकाशाचा माणूस," एवढं बोलून ते पेढा घेऊन बसले.

*

दोन हजार तीनला शेजारी इराकमध्ये युद्ध पेटलं. इकडे सायरन, मास्क, क्षेपणास्त्रं. कंपनीने बायका-मुलांना तिकिटं दिली. काकू हलायला तयार नाहीत. "यांना एकट्याला टाकून? जमायचं नाही."

काकांनी फिंतास भागातल्या आपल्या फ्लॅटच्या बाल्कनीत एक फळी टांगली. तिला लहान-मोठी भोकं, प्रत्येकावर स्वयंपाकघरातली फॉइल ताणलेली. धक्का आला की आधी मोठ्या भोकाची फाटते. चाचण्यांतली जुनी, साधी पद्धत. ठरलं असं, की मोठी फाटली तर काकूंनी पहिल्या फ्लाइटने पुणं गाठायचं. काकू हो म्हणाल्या.

एका दुपारी दणका झाला. वर्कशॉपच्या काचा थरथरल्या. खोटं कशाला बोलू, मी घाबरलो होतो. काका तर पांढरेफटक पडले. मी त्यांना गाडीने घरी नेलं. बूट न काढताच ते बाल्कनीत गेले, मागोमाग मी.

फॉइल सगळी शाबूत होती. बाकीच्या भोकांवरची वाळवंटाच्या धुळीने मातकट झालेली. मोठ्या भोकावरची मात्र नवीकोरी, चकचकीत. काकू दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या.

काकांनी आधी त्या फॉइलकडे पाहिलं, नंतर काकूंकडे. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि बाकीची फॉइलही पुसून चकचकीत केली.

"सगळी शाबूत आहे," ते म्हणाले. "चहा टाक."