तोंड कुणाचं आहे?

आमच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांचं नाव पडलं होतं 'तेहीखरं'. कुठलाही वाद काढा, हे आधी डाव्यांची बाजू मांडणार, मग उजव्यांची, आणि शेवटी मान डोलावत म्हणणार, "तेही खरं!" धंद्याचीच सवय हो. खुर्चीतला माणूस आ वासून पडलेला, तो बिचारा काय वाद घालणार? मग त्याचीही बाजू डॉक्टरच मांडत. तो "आँ" म्हणाला की मुद्दा मान्य! सकाळी सुताराची दाढ कोरताना एका पक्षाचे असलेले डॉक्टर शिंपिणीची दाढ भरेपर्यंत दुसऱ्या पक्षात गेलेले असत, आणि दवाखाना बंद करताना बरोबर मधोमध. याचा त्यांना केवढा अभिमान!

त्या दिवशी खुर्चीत साक्षात डॉक्टरांच्या सासूबाई होत्या. दाढ ठणकत होती आणि संध्याकाळी सभा होती. गल्ली गाड्यांना बंद करायचं घाटत होतं. सासूबाईंचा कडाडून विरोध, आणि भाषण त्याच करणार होत्या.

"तुमचं म्हणणं, दुकानदार बुडतील," डॉक्टर सुरू झाले.

"आँ! आँ!" सासूबाईंनी दोन्ही हात झटकले.

"अगदी बरोबर. पण पोरांना खेळायला जागा होईल."

"आँऽऽ!"

"तेही खरं!" म्हणत डॉक्टरांनी सुई टोचली.

बाहेरच्या टेबलावरून बायको धावत आली. "अहो, आईची डावी दाढ दुखतेय! तुम्ही उजवीकडे टोचलंत!"

"पण माझ्या बाजूने बघितलं तर ती डावीच..."

"तोंड कुणाचं आहे?" बायकोने कपाळावर हात मारला. "आता मधला मार्ग काढू नका, नाहीतर पुढचे दात जातील!"

डॉक्टरांनी सासूबाईंच्या तोंडातून हात काढला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खुर्चीतल्या माणसाला विचारलं, "आई, तुम्ही काय म्हणत होतात?"

"दुकानं गेली खड्ड्यात!" सासूबाई अर्ध्या ओठाने कडाडल्या. "माझ्या मैत्रिणीचे गुडघे गेलेत. गाडी दारापर्यंत येते म्हणून ती भेटते तरी. ती यायची थांबली तर मी बोलू कुणाशी? तुमच्याशी? तुम्ही बोलू देता कुठे?"

डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुडघे त्यांच्या एकाही बाजूत नव्हते.

डावीकडेही टोचावंच लागलं. दाढ निघाली, पण सभेत सासूबाईंच्या तोंडातून हवेशिवाय काही निघेना. मग डॉक्टर उभे राहिले. मैत्रीण, गुडघे, गाडी, एवढंच बोलले. सगळे 'तेही खरं'ची वाट बघत होते. डॉक्टरांनी बंदीच्या विरोधात हात वर केला आणि गुपचूप खाली बसले.

बंदी हवी असणारी बायको थक्क झाली. "अहो, आणि दुसरी बाजू?"

"ती तू मांड," डॉक्टर म्हणाले. "तोंड तुझं आहे."