वडिलांच्या छातीचा जुना फोटो

चाकणच्या एका कंपनीत मी ॲल्युमिनियमचे ओतलेले पार्ट एक्स-रेखाली तपासतो. आत पोकळी दिसली की पार्ट लाल पेटीत. नुसती शंका आली तरी लाल पेटीत. पार्ट बिचारा कालच ओतलेला असतो, त्याला मागचंपुढचं काही विचारायचं नसतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, त्यात फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेला. त्यामुळे मला एक्स-रे कळतो असा माझा समज होता. घरच्यांचाही होता.

म्हणून आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कंपनीत वर्षाच्या तपासणीत यंदा पहिल्यांदाच छातीचा फोटो काढला आणि त्यात उजवीकडे खाली एक गोल डाग निघाला, तेव्हा तो फोटो आधी माझ्याकडे आला. मी तो खिडकीत उजेडाला धरला. डागाच्या कडा बघितल्या. आई शेजारी पोळपाट हातात घेऊन उभी होती.

"गाठ आहे," मी म्हणालो. कामावर म्हणतो त्याच आवाजात म्हणालो. आईने पोळपाट खाली ठेवला. त्या दिवशी पोळ्या झाल्या नाहीत.

"कसली गाठ?" आप्पांनी विचारलं.

"ते डॉक्टर सांगतील."

"मंग तू काय सांगितलंस?"

आकुर्डीला छातीच्या एक डॉक्टरबाई आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सीटी स्कॅन करून घेतला. त्यात गाठ चारी बाजूंनी दिसली. मोठ्या वाटाण्याएवढी, कडा बऱ्यापैकी गुळगुळीत. मी विचारलं, "मॅडम, एवढं स्वच्छ दिसतंय, मग कॅन्सर आहे की नाही ते का सांगता येत नाही?"

"कुठे आहे आणि केवढी आहे ते मशीननं चोख सांगितलंय," त्या म्हणाल्या. "वाढतेय की नाही ते एका फोटोवर कसं कळणार? जुना फोटो आहे का? बरीच वर्षं आहे तेवढीच असेल तर मी हातही लावणार नाही. नसेल फोटो, तर सोमवारी सुई घालून तुकडा काढू."

"सुई केवढी?" आप्पा.

डॉक्टरबाईंनी बोटांनी दाखवली.

घरी आल्यावर आईने ट्रंक उपसली. माझ्या पहिलीपासूनच्या गुणपत्रिका निघाल्या, रेशनकार्डाच्या झेरॉक्स निघाल्या, गॅसचं पुस्तक निघालं. फोटो नाही. आप्पा खुर्चीत बसून बघत होते. आई तिसऱ्यांदा तळाशी पोचली तेव्हा म्हणाले, "हाय फोटो. कंपनीत लागताना काढलेला, बारा वर्सांमागचा. पर धड न्हाई."

"धड न्हाई म्हंजी?" आई.

"कापलाय."

मग सगळं बाहेर आलं. पिंपळे गुरवच्या आमच्या दोन खोल्यांना लोखंडी फाटक आहे. त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने माझं नाव आणि पुढे 'बी.एस्सी.' लिहिलेलं आहे. मी पास झालो त्याच आठवड्यात ते लिहिलं गेलं. मला वाटायचं, पेंटरचं काम आहे. ते आप्पांचं होतं. त्यांच्या खात्यात पेट्यांवर नंबर मारायला जुन्या एक्स-रे फिल्मचे छापे कापतात, वर रंगाचा बोळा फिरवला की नंबर उमटतो. हात त्यावर बसलेला.

"नाव पुठ्ठ्यावर कापलं, ते झ्याक निघालं," आप्पा म्हणाले. "पर 'स्सी'ला पुठ्ठा दोनदा फाटला. मंग आख्खं 'बी.एस्सी.' फिल्मवर कापलं."

"स्वतःची छाती कापलीत व्हय?" आई म्हणाली. "दुसऱ्या कुणाची न्हाई मिळाली?"

फिल्म माळ्यावर पत्र्याच्या डब्यामागे होती. रंगाची खपली धरलेली. मी फडक्याला टर्पेंटाइन लावून हलक्या हाताने ती पुसली.

सोमवारी आप्पा उपाशीपोटी आले होते, सुईसाठी सांगितल्याप्रमाणे. डॉक्टरबाईंनी फिल्म दिव्याच्या डब्यावर लावली. दोन्ही फुफ्फुसांतून आरपार पदवी. हृदय चुकीच्या बाजूला दिसत होतं. त्यांनी फिल्म उलटवली. हृदय जागेवर आलं आणि पदवी उलटी झाली.

"कुणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी."

"विषय?"

"फिजिक्स."

"बरं. जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."

त्यांनी भिंग घेतलं. गाठ होती. 'स्सी'च्या काठाला लागून होती, एक कड कापली गेलेली, पण वरपासून खालपर्यंत मोजण्यापुरती शाबूत. त्यांनी पट्टी लावली. नव्या फोटोला लावली. मग दोन्ही फोटोंतली एकच फासळी मोजली, फोटो लहानमोठे निघाले नाहीत ना म्हणून. मग पुन्हा गाठ. मी आप्पांकडे बघत नव्हतो.

"तेवढीच आहे," त्या म्हणाल्या. "बारा वर्षं जागची हललेली नाही. सुई नको. सहा महिन्यांनी एक फोटो काढू, खात्रीला."

आप्पा म्हणाले, "मंग तवा कुणी का न्हाई सांगितलं?"

"रिपोर्टमध्ये लिहिलं असेल. रिपोर्ट कुणी वाचला होता?"

मी वाचला होता. तेव्हा दहावीत होतो आणि घरात इंग्रजी वाचणारा एकटाच. वर पाच-सहा ओळी होत्या, त्यातलं मला काही कळलं नव्हतं. सगळ्यात खाली 'फिट' लिहिलं होतं. तेवढं मी मोठ्याने वाचून दाखवलं होतं आणि आईने शेजारी पेढे वाटले होते. हे मी डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं.

बाहेर बाकावर बसल्यावर मी आप्पांना म्हणालो, "चुकलं माझं."

"वरचं वाचलं असतंस तर म्या बारा वर्सं भीत बसलो असतो," ते म्हणाले. "आता वाच. वरपासून." त्यांनी आईला फोन लावला आणि फोनचा आवाज मोठा केला.

मी डॉक्टरबाईंनी लिहून दिलेला कागद उघडला आणि एकेक ओळ मराठीत सांगत गेलो. श्वासनलिका, हृदय, फासळ्या. जो शब्द अडला, तो आत जाऊन विचारून आलो. शेवटी आलं, उजवीकडे खाली जुनी गाठ, आकारात बदल नाही.

"तेवढं परत वाच," आई म्हणाली.

परत वाचलं.